कंबर भरून आली, दुखणं राहिलं

माझं कंबरेचं दुखणं शहाण्यासारखं वागत नव्हतं. दळणाचा दहा किलोचा डबा गिरणीपर्यंत नेला तरी काही होत नसे, आणि दुसऱ्या दिवशी पलंगाखाली गेलेली केसांची पिन काढायला वाकलं की रात्री कूस बदलता येत नसे. सुरुवातीचं कारण साधं होतं. भरलेला सिलिंडर सरकवताना उसण भरली. उसण आमच्या घराला नवी नाही. विटेचा शेक, निर्गुडीचा पाला, दोन दिवस आडवं पडणं, की माणूस कामाला लागतं. मीही लागले. पण दुखणं गेलं नाही, उलट पसरलं. आधी कंबरेचा मधला भाग, मग डावा खुबा, मग दोन्ही खांद्यांच्या मध्ये, आणि एखाद्या आठवड्यात चक्क तळपाय.

त्यातलं सगळ्यात चमत्कारिक म्हणजे परकराची नाडी. साडी नीट राहायची तर नाडी घट्टच बांधावी लागते. ती बांधली की बरोबर त्या रेघेवर भाजल्यासारखी आग व्हायची. नवऱ्याने मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. पुरळ नाही, सूज नाही, वळसुद्धा नाही. बँकेत मी ड्रेस घालू लागले, लग्नकार्यं टाळू लागले आणि कोणी विचारलं तर ‘कंबर धरलीय’ एवढंच सांगू लागले. नाडी दुखते हे कोणाला सांगणार?

हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. रिपोर्टमध्ये मणक्यांमधल्या खालच्या दोन चकत्यांना फुगवटा आणि झीज. ‘ऑपरेशनची गरज नाही’ म्हणाले आणि सोबत एक यादी दिली: खाली बसायचं नाही, पुढे वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, स्कूटर बंद, पट्टा दिवसभर. मी यादी काटेकोर पाळली. देवपूजा उभ्याने, केर काढायला बाई, रांगोळीला मुलगी. दुखणं तसूभर हललं नाही. फक्त आता माझं सगळं लक्ष कंबरेकडे. खुर्चीतून उठण्याआधी दोन सेकंद श्वास धरायची सवय लागली, आणि ती माझ्याआधी शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीच्या लक्षात आली.

एमआरआय म्हणजे थोतांड, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. आमच्याच शाखेतल्या एका सहकाऱ्याचं पाऊल चालताना लोंबायला लागलं होतं. चकतीचा तुकडा नसेवर बसला होता. वेळेत ऑपरेशन झालं आणि आता तो सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालत जातो. त्याच्या बाबतीत फोटो, तपासणी आणि तक्रार या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळत होत्या. माझ्या बाबतीत जुळत नव्हत्या. कंबर दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन हजारांहून जास्त माणसं होती. चाळिशीतल्या निम्म्या लोकांच्या चकत्यांना फुगवटा होता. पन्नाशीत फुगवटा ६० टक्के आणि झीज ८० टक्के लोकांना. आणि यांच्यापैकी कोणाचीही कंबर दुखत नव्हती! हे कळल्यावर मला आधी हायसं वाटलं आणि लगेच राग आला. झीज सगळ्यांनाच असेल, तर मग माझीच का दुखते?

या प्रश्नाचं उत्तर पुण्यातल्या एका पेन क्लिनिकमध्ये मिळालं. साताऱ्याहून पुणे म्हणजे खंबाटकीचा घाट ओलांडून तासन्‌तास बसून जाणं. तेच मला अवघड होतं. शिवाय तिथले डॉक्टर भूलतज्ज्ञ निघाले. सासूबाई म्हणाल्या, “अगं, भूल देणारा डॉक्टर कंबरेचं काय करणार?” (आपल्याकडे वेदनेचे दवाखाने बहुतेक भूलतज्ज्ञच चालवतात. वेदना थांबवणं हाच त्यांचा धंदा, त्यामुळे ते साहजिकही आहे.)

पहिली भेट चांगली लांबली. लघवीवर ताबा आहे का, जांघेत बधिरपणा आहे का, ताप, घटलेलं वजन, पूर्वीचा कॅन्सर, पायातली ताकद, हातोडीने गुडघा-घोट्याचे झटके, सगळं आधी पाहून झालं. यातलं एक जरी निघालं असतं तर रस्ता वेगळा होता, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मग झोपेबद्दल विचारलं. मग बँकेतल्या कामाबद्दल. शेवटी, “वाकलात तर नेमकं काय होईल असं तुम्हाला वाटतं?” मी म्हटलं, चकती बाहेर येईल. त्यांनी ते फाइलमध्ये लिहून घेतलं.

खरी गंमत फिजिओथेरपिस्टकडे. माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. तिने एक छोटी दांडी काढली, तिच्या टोकाला नायलॉनचा जाड तंतू. ठरावीक जोर लागला की तो तंतू वाकतो, त्यामुळे टोचणाऱ्याने कितीही दाबलं तरी कातडीवर दाब तेवढाच पडतो. तिने कंबरेवर एकदा टोचलं. “ताई, दहापैकी किती दुखलं?” मी म्हटलं, दोन. मग त्याच जागी, त्याच तंतूने, सेकंदाला एक अशा लयीत ती टोचत राहिली. तिसऱ्या-चौथ्यापासून टोचणी धारदार होत गेली. शेवटच्या वेळी मी ‘सात’ म्हटलं आणि मान वळवून पाहिलं, कारण मला वाटलं ती जोर वाढवतेय. तिने हसून दांडी माझ्या हातात दिली आणि स्वतःचा हात पुढे केला. “आता तुम्ही टोचा.” मी टोचलं, त्याच लयीत. तिची दुखण्याची पातळी दोनावरून जेमतेम तीनावर गेली.

नंतर तिने दाब मोजायचं यंत्र माझ्या अंगठ्याच्या नखावर ठेवलं. कंबर दुखणाऱ्या बाईचं नख कशाला दाबायचं, असं मनात आलं. पण तेही फार लवकर दुखलं. मग दुसरा हात बर्फाच्या पाण्यात बुडवायला लावून पुन्हा नख दाबलं. धडधाकट माणसाला बहुधा या वेळी नख कमी दुखतं, कारण एका वेदनेच्या धक्क्याने मेंदू खालच्या दुसऱ्या वेदना आवरतो. माझ्या नखाला काहीच फरक पडला नाही. “एका चाचणीवरून निदान करायचं नसतं,” ती म्हणाली, “पण हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय.”

मग तिने माझ्याच फाइलच्या पाठीवर पेनाने पाठीचा कणा काढला.

उंबऱ्याला बोट ठेचकाळलं की आधी चटका बसतो, आणि ‘आई गं’ म्हणून होईपर्यंत मागून एक दाट, रेंगाळणारं दुखणं येतं. ते दोन वेगळ्या मज्जातंतूंचं काम. जाडसर तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने निरोप नेतात. बारीक, आवरण नसलेले सी-तंतू सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपल्या चालीने. दोन्ही कण्यातल्या मज्जारज्जूत येऊन थांबतात आणि तिथे दुसऱ्या पेशीच्या हाती निरोप देतात. माझं सगळं प्रकरण या हस्तांतराच्या जागी अडकलेलं होतं. सी-तंतूंकडून निरोपांचा मारा सतत चालू राहिला की ती दुसरी पेशी प्रत्येक नव्या निरोपाला आधीपेक्षा मोठं उत्तर देऊ लागते. टोचणी तीच, उत्तर मोठं. नायलॉनच्या तंतूच्या चाचणीत मी अनुभवलं ते हेच.

हा मारा फार काळ चालला तर पेशीतच बदल होतात. तिच्या पृष्ठभागावर एनएमडीए नावाची द्वारं असतात आणि एरवी मॅग्नेशियम ती अडवून धरतं. निरोप देणाऱ्या ग्लुटामेट या रसायनाच्या सततच्या माऱ्याने मॅग्नेशियम बाजूला होतं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी अशी तापट होते की पूर्वी ज्याची दखलही घेतली नसती त्या निरोपालाही ती उसळते. नुसत्या स्पर्शाचे निरोप वेगळ्या, जाड तंतूंतून येतात आणि एरवी वेदनेच्या वाटेला जात नाहीत. आता त्यांच्यानेही वेदनेची वाट पेटते. परकराच्या नाडीचं कोडं मला इथे सुटलं, आणि तेव्हा कुठे मी त्या मुलीला नाडीबद्दल सांगितलं. ती अजिबात चकित झाली नाही. तिने विचारलं, “चादरही टोचते का?” टोचायची.

(केटामाइन हे भुलीचं औषध याच एनएमडीए द्वारावर काम करतं. सासूबाईंच्या प्रश्नाचं हे उत्तर मी घरी आल्यावर दिलं. त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही.)

घरी येऊन मी पुष्कळ वाचलं. पॅट्रिक वॉल आणि रोनाल्ड मेल्झॅक या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं की मज्जारज्जूत वेदनेचे निरोप जसेच्या तसे वर जात नाहीत, तिथे जणू एखाद्या दारात ते अडवले किंवा सोडले जातात. लागलेल्या जागी चोळलं की बरं वाटतं याचं स्पष्टीकरण त्यातून मिळालं, आणि फिजिओकडे चिकटवतात ती झिणझिण्यांची टेन्स यंत्रंही त्याच विचारातून आली. पुढे १९८३ मध्ये लंडनला क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवर दाखवून दिलं की इजेनंतरचा हळवेपणा काही अंशी मज्जारज्जूतल्या बदलांमुळे असतो, सगळा जखमेच्या जागी नसतो. म्हणजे हे शास्त्र मी शाळेत असताना छापून आलेलं होतं. ते माझ्या गावातल्या दवाखान्यापर्यंत यायला एवढी वर्षं का लागावीत, याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही.

दुसरी बाजू मेंदूकडून खाली येणाऱ्या वाटांची. मध्यमेंदूतून निघून मेंदूच्या देठामार्गे मज्जारज्जूत उतरणाऱ्या या वाटा खालचं दार लोटू शकतात किंवा सताड उघडू शकतात. १९६९ मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या या भागाला नुसता विजेचा प्रवाह देऊन, भूल न देता त्यांच्यावर शस्त्रक्रिया करता आली होती. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांना मोठाल्या जखमा झालेले कितीतरी सैनिक मॉर्फिन नको म्हणताना दिसले. याच्या उलट टोकाला मी: इजा भरून आलेली आणि दार उघडंच. झोप कमी झाली, धास्ती वाढली की ते आणखी उघडतं.

डॉक्टर मंडळी हे समजावताना बिघडलेल्या अलार्मची उपमा देतात. उपमा सोपी आहे, पण मला ती पटत नाही. अलार्म वाजतो, दुखत नाही. आणि त्याची वायर काढता येते.

माझ्या फाइलवर ‘क्रॉनिक प्रायमरी पेन’ लिहिलं गेलं. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं, दुसऱ्या कुठल्या आजाराच्या खात्यात न बसणारं दुखणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याला स्वतःची जागा आहे. हे मी घरी मुद्दाम मोठ्याने सांगितलं, कारण तोवर घरात दोन तट पडले होते. नवऱ्याचं म्हणणं, “एमआरआय पुन्हा करू, काहीतरी राहून गेलंय.” नणंदेचं म्हणणं, “वहिनी, टेन्शन घेऊ नका, मनाचे खेळ आहेत.” मला दोघांचाही सारखाच वैताग यायचा. एकाला हाडामासातच बिघाड हवा होता, दुसरीच्या मते बिघाड नव्हताच. मज्जारज्जूतली पेशी ही मणक्याइतकीच शरीराची, हे दोघांच्याही गावी नव्हतं. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हा जोडलेल्या टिपांत एक ओळ घातली: माणूस ‘मला दुखतंय’ म्हणतो तेव्हा त्याच्या म्हणण्याचा मान राखावा. ती मी नणंदेला व्हॉट्सॲपवर पाठवली. तिने अंगठा पाठवला.

औषधावरून वेगळंच रामायण झालं. रात्रीची एक छोटी गोळी दिली होती, ॲमिट्रिप्टिलिन. मेडिकलवाल्याने स्ट्रिप देताना हळूच विचारलं, “मॅडम, ही डिप्रेशनची आहे, माहीत आहे ना?” नवऱ्याचा चेहरा पडला. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, नैराश्यासाठी देतात त्यापेक्षा हा डोस बराच कमी आहे. मेंदूकडून खाली येणाऱ्या ज्या वाटा दार लोटतात त्या नॉरॲड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन या रसायनांवर चालतात, आणि ही गोळी त्यांना हात देते. तोंड कोरडं पडायचं, सकाळी डोकं जड असायचं. पण सलग झोप लागू लागली, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्या झोपेवर उभं राहिलं. दुखणं थांबवायच्या गोळ्या, ज्या मी पर्समध्ये ठेवून चघळल्यासारख्या घेत होते, त्या मात्र त्यांनी बंद केल्या.

राहिला व्यायाम. इथे त्या मुलीने माझी जुनी यादी उलटी फिरवली. जे जे टाळत होते ते ते करायचं, पण मापात. आधी गादीवर चारी हातापायांवर राहून पाठ गोल करणं. कंबर वाकते तेवढीच, फक्त भीती वाटत नाही. मग खुर्चीत बसून हात घोट्यापर्यंत नेणं. मग उभ्याने. मग रिकामी बादली, मग पाव भरलेली. नियम एकच आणि तो माझ्या आजवरच्या सवयीच्या उलट: दुखलं म्हणून थांबायचं नाही, वेळ झाली म्हणून थांबायचं. मोबाइलवर घड्याळ लावायचं. बरं वाटतंय म्हणून जास्तही करायचं नाही, हे मला जास्त जड गेलं. एखाद्या रविवारी अंग हलकं वाटलं की मी माळा आवरायला काढायची आणि सोमवार-मंगळवार झोपून काढायची. असं चढउतार करत राहणं मज्जारज्जूला शांत होऊ देत नाही, म्हणून ती चिडायची. हो, भाचीच्या वयाची मुलगी मला रागवायची आणि मी ऐकून घ्यायची.

पहिल्यांदा उभ्याने वाकले तेव्हा दुखलंच. पण दुसऱ्या दिवशी काही बिघडलेलं नव्हतं. असे बरेच ‘दुसरे दिवस’ साठले तेव्हा उठण्याआधी श्वास धरणं आपोआप सुटलं. साडी मी एका बारशाला पहिल्यांदा नेसले. नाडीची आग होती, पण जेवणं होईपर्यंत तिकडे लक्ष गेलं नाही.

मग मार्च आला. बँकेतल्या माणसाला मार्च काय असतो हे सांगायला नको. रात्री उशिरापर्यंत टॅली, डोक्यावर ऑडिट, एकच चहा तीनदा गरम. त्या आठवड्यात मी काहीही उचललं नव्हतं, व्यायामही चालू होता, आणि तरी कंबर, खुबा, तळपाय सगळे एकदम परत आले. नवरा म्हणाला, “बघ, चकती.” मला खात्री होती की चकती नव्हे. झोप चार तासांवर आली होती. मी फिजिओला फोन केला. तिने व्यायाम निम्म्यावर आणायला सांगितलं, थांबवायला नाही, आणि साहेबांशी बोलून एक दिवस वेळेवर घरी जायला सांगितलं. साहेबांना मी कारण ‘कंबर’ असंच सांगितलं. मज्जारज्जू सांगत बसले असते तर एप्रिल उजाडला असता. मार्च संपल्यावर दुखणं आठवडाभरात बरंच खाली उतरलं. त्यानंतर एमआरआयचा विषय नवऱ्याने काढला नाही.

सध्या गोळी बंद आहे, डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केली. दुखणं शून्य नाही. लांबच्या प्रवासात कंबर बोलते, पाळीच्या आधी दोन दिवस खुबा बोलतो. स्कूटर चालवते, खाली बसून जेवते. पट्टा माळ्यावर आहे.

हे सगळं ऐकून ऐकून सासूबाईंनी आपल्या गुडघ्याचाही हट्ट धरला. “मलाही ने तिथे, माझंही तुझ्यासारखंच असणार.” नेलं. त्या मुलीने त्यांच्या गुडघ्यावर तंतू टोचून पाहिला, अंगठ्याचं नख दाबलं, बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावला. आईंचं नख ठणठणीत निघालं. दाब वाढवत वाढवत तीच थांबली. त्यांचं दुखणं गुडघ्यातच होतं, एक्स-रेतही दिसत होतं. चढ-उतार केला की दुखायचं, बसलं की थांबायचं. मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम, थोडं वजन कमी, आणि पुढेमागे लागलंच तर ऑपरेशन, असं ठरलं. घाट उतरेपर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझं काही विशेष नाही तर.”